प्रोफेसर केळफा आणि आमचे काका

मनुष्याला आपले आडनाव उलट्या क्रमाने लिहून पाहण्याची बुद्धी केव्हा होत असेल, याविषयी आम्हांस फार दिवसांपासून कुतूहल वाटत आले आहे. कर्जबाजारी मनुष्य नाव बदलतो, फरारी मनुष्य नाव बदलतो, आणि कवी तर पहिली कविता छापून येण्याच्या आधीच टोपणनाव घेऊन बसलेला असतो. परंतु यांपैकी कोणीही आपले आडनाव आरशापुढे धरून त्यात जे दिसेल ते स्वीकारीत नाही. १९०१ साल संपण्याच्या सुमारास एका तिशी उलटलेल्या मराठी गृहस्थाने हे केले. आडनावातील तीन अक्षरे त्याने शेवटाकडून आरंभाकडे मांडली, त्यांच्यापुढे 'प्रोफेसर' ही पदवी आपल्याच हाताने लाविली, आणि लोकांना जादूचे प्रयोग दाखवावयास आरंभ केला. फाळके यांचा केळफा झाला तो असा. लेले आडनावाच्या मनुष्याने ही युक्ती करून पाहण्यात अर्थ नाही, हे उघड आहे.

'प्रोफेसर' या पदवीचे मात्र कोणास नवल वाटले नसावे. त्या काळी ही पदवी विद्यालयाइतकीच सर्कशीच्या तंबूतही आढळे. छातीवर हत्ती घेणारे राममूर्ती प्रोफेसर होते, आणि जादूगार तर बहुधा सगळेच प्रोफेसर असत. विलायतेतही चाल हीच होती. ज्यांच्या १८७६ सालच्या ग्रंथावर इंग्रजी जाणणारे कित्येक हौशी जादूगार पोसले, ते 'प्रोफेसर' हॉफमन हे वस्तुतः बॅरिस्टर होते. आमच्या प्रोफेसर केळफांच्या घरी तर खरी विद्याच नांदत होती. वडील दाजीशास्त्री फाळके त्र्यंबकेश्वरचे संस्कृत पंडित, पुढे मुंबईस विल्सन कॉलेजात अध्यापक झालेले. शास्त्र्यांचा मुलगा हातचलाखीचा प्रोफेसर व्हावा, यात विरोध आहे असे वाटेल. पण तो दिसतो तितका मोठा नाही. दोरावर चढून जाणारा मायावी एक, आणि तो चढतो आहे असे भासवीत भूमीवरच उभा राहणारा खरा मायावी निराळा, हा दृष्टांत खुद्द शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात आहे. जादूगाराला ज्या पंक्तीला आचार्यांनी बसविले, तेथून त्याला उठविण्याचा अधिकार निदान शास्त्र्याच्या घराला तरी नव्हता.

हे केळफा नाव आम्ही प्रथम ऐकले ते कोणत्या ग्रंथात नव्हे, तर आमच्या काकांच्या तोंडून. आणि काकांविषयी लिहावयाचे तर आम्हांस आमची एक जुनी आगळीक सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. ती सांगण्याचे आम्ही साठांहून अधिक वर्षे टाळीत आलो आहो.

आमचे काका म्हणजे वडिलांचे धाकटे बंधू. एका कचेरीत ते कारकून होते. शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला, बिऱ्हाडांनी गजबजलेल्या एका वाड्यात आमचे कुटुंब राहत असे. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस काकांचा आवाज त्या वाड्यात कोणाच्या कानी पडत नसे. साहेबाचे बोलणे, काकूंचे बोलणे आणि पावसाचे पडणे ही तिन्ही ते सारख्याच मुद्रेने ऐकून घेत. परंतु वाड्याच्या गणपतीपुढच्या दहा रात्रींपैकी एक रात्र त्यांची असे. ओसरीवर दोन बाकडी जोडावयाची, मागे काकूंच्या जुन्या शालूचा पडदा लावावयाचा, आणि काळा कोट चढवून काका पुढे आले की ते कारकून राहत नसत. माळ्यावर त्यांची एक पत्र्याची ट्रंक होती. तिला मुलांनी हात लावावयाचा नाही, असा घरातला दंडक होता. त्या ट्रंकेतून त्या रात्री रेशमी रुमाल निघत, फाडलेले वर्तमानपत्र अखंड होई, आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या मास्तरांची अंगठी कापलेल्या लिंबाच्या पोटात सापडे.

या साऱ्यांत वाड्याचा आवडता खेळ होता तो तांब्याचा. काका एक पितळी तांब्या घेत, त्यातले पाणी घंगाळात ओतीत, तांब्या पालथा करून शेवटचा थेंबही पडल्याची खात्री करून देत, आणि तो बाजूला ठेवून दुसरा खेळ आरंभीत. तो खेळ संपला की सहज आठवण झाल्याप्रमाणे पुन्हा तांब्या उचलीत. तर त्यात पुन्हा पाणी. असे एकाच रात्रीत पाच-सहा वेळा होई. मुले मोठ्याने मोजीत, बायका हसत, आणि काका आपणही चकित झालो आहो अशा मुद्रेने तांब्याकडे पाहत. त्या मुद्रेवर आमचा फार लोभ होता.

१९५७ सालच्या गणेशोत्सवात आम्ही आठ वर्षांचे होतो आणि अगदी पुढे, बाकड्यांच्या पायांशी, बसलो होतो. खालून वर पाहणाऱ्याला जे दिसते ते समोरून पाहणाऱ्याला दिसत नाही. तांब्याच्या काठाखाली काकांचा अंगठा एका विशिष्ट जागी बसतो आणि उठतो, हे आम्हांस दिसले. आणि अंगठा उठला तेव्हा तेथे काय आहे, तेही दिसले. आम्ही ओरडलो, "काका, तांब्याला भोक आहे!"

सारा वाडा हसला. काकांनी हसणे थांबेपर्यंत वाट पाहिली. मग तांब्या उंच धरून, ते भोक सर्वांना दिसेल असा फिरवून, ते म्हणाले, "आहे खरे. चिरंजीवांची नजर चांगली आहे." उरलेले दोन खेळ त्यांनी केले आणि रात्र संपली. आम्हांस कोणी रागे भरले नाही. काकू मात्र अंथरुणे घालताना एवढेच म्हणाल्या, "हुशार आहेस हो." त्या 'हो'चा अर्थ समजण्यास आम्हांस पुढे बरीच वर्षे लागली.

पुढल्या वर्षी त्या रात्री भावगीते झाली, त्याच्या पुढल्या वर्षी नकला. काकांनी पुन्हा खेळ केला नाही. पुढे कोणी विचारलेच तर ते म्हणत, "पुरात गेले हो सगळे." १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेचे पाणी पेठांतून शिरले, तेव्हा आमच्या वाड्याचा मागला भाग माळ्यासकट खाली बसला, हे खरे आहे. ट्रंक गाळात सापडली. रुमाल, पत्ते, कागदी फुले यांचा लगदा झाला होता. धड राहिला तो एकटा पितळी तांब्या. पण १९५७ आणि १९६१ यांच्या मध्ये तीन गणेशोत्सव होऊन गेले होते. हा हिशेब काकांना कोणी घातला नाही. आम्हीही नाही.

या तांब्याची रचना सांगण्यास आता हरकत नसावी. निम्मी तर आम्ही तेव्हाच सांगून बसलो आहो. त्याला दुहेरी भिंत असते. दोन भिंतींमधल्या पोकळीत पाणी भरलेले असते, आणि ती पोकळी तळाशी एका बारीक छिद्राने आतल्या पोटाला जोडलेली असते. दुसरे छिद्र वर, काठाखाली. वरचे छिद्र अंगठ्याने दाबून धरले की पोकळीत हवा शिरत नाही, आणि हवा शिरत नाही म्हणून तिच्यातले पाणी हलत नाही. ओतले जाते ते केवळ आतल्या पोटातले. तांब्या उभा ठेवून अंगठा उचलला की पोकळीतले पाणी खालून आत येते. शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात हवेच्या दाबाचा जो धडा असतो, त्यापलीकडे यात काही नाही.

आता प्रोफेसर केळफांकडे वळू. मंडईजवळ १९१५ साली उभे राहिलेले आर्यन चित्रपटगृह पुढे १९८३ साली पाडले गेले. परंतु आमच्या लहानपणी ते होते, आणि त्यावरून जाताना काका थांबत. आमच्या आजोबांनी तेथे फाळक्यांचे मुके चित्रपट पाहिले होते. काका म्हणत, "लोक त्यांना चित्रपटवाले फाळके म्हणतात. मुळात ते आमच्यातले." हे 'आमच्यातले' ते अशा स्वराने म्हणत, की जणू फाळके आणि आपण एकाच कचेरीत कामाला होतो.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि मग बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण, छपाई असे हाती लागेल ते शिकून घेतले, आणि गोध्र्यास छायाचित्रांचे दुकान घातले. तेथे प्लेगात त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेले. गोध्रा सुटले. बडोद्यास परत येऊन दुकान मांडले, तर कॅमेरा मनुष्याच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि त्याचे आयुष्य तोडतो, अशी लोकांची समजूत आड आली. गिऱ्हाईक फिरकेना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून त्यांनी दिवस काढले. अशा वेळी बडोद्यास खेळ करावयास आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून त्यांनी त्याची विद्या उचलली. या सगळ्या घटना चरित्रांत ओळीने दिलेल्या असतात आणि वाचक त्यांवरून झरझर पुढे जातो. आम्ही मात्र येथे नेहमी अडखळतो. ज्याचे घर दोन वर्षांपूर्वी रिकामे झाले आहे, अशा मनुष्याने नाहीशी झालेली वस्तू परत आणून दाखविण्याची कला शिकावी, हा योगायोग असेलही. तो योगायोगच असावा असे आम्ही धरून चालतो, कारण मृताविषयी तर्क करण्याचा अधिकार आम्हांस नाही.

दुसरीही एक गंमत आहे. ज्या कॅमेऱ्यात काहीएक कपट नव्हते, त्याला लोक भुताटकी मानून भ्यायले. आणि ज्या खेळात प्रत्येक हालचालीत कपट होते, तो पाहावयास तेच लोक तिकीट काढून आले. प्रोफेसर केळफा रंगमंचावर उभे राहून जणू सांगत होते की, मी तुम्हांस फसविणार आहे. आणि अशी आगाऊ सूचना देऊन फसविणाऱ्याची भीती कोणाला वाटत नाही. साधू-बुवांच्या आणि जादूगाराच्या करणीत हातचलाखीच्या दृष्टीने पुष्कळदा काडीचाही फरक नसतो. फरक असतो तो या सूचनेचा. फ्रेंच सरकारने १८५६ साली आपला नामांकित जादूगार रोबेर-हूदँ याला अल्जीरियात पाठविले, ते तेथल्या मांत्रिकांचा प्रभाव मोडण्यासाठी. राज्यकर्त्यांचा हेतू काही शुद्ध नव्हता, पण त्यांनी औषध ओळखले होते. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव हेच करीत आले: आधी चमत्कार करून दाखवावयाचा, मग तो कसा केला ते सांगावयाचे. भोक दाखविण्याचे हे काम सर्वत्र हसण्यावारी जात नाही. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची गोळ्या घालून हत्या झाली. आमचा जुना वाडा तेथून फार लांब नव्हता. त्या दिवशी आम्हांस, का कोण जाणे, काकांची आठवण फार झाली.

प्रोफेसर केळफांची रंगमंचीय कारकीर्द थोडक्यात आटोपली. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. १९०३ साली पुराणवस्तू खात्यात त्यांना नोकरी लागली. स्वदेशीच्या चळवळीत ती सोडून त्यांनी लोणावळ्यास छापखाना काढला, पुढे तो दादरला नेला, १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यास जर्मनीस जाऊन आले, आणि शेवटी भागीदारांशी न पटून त्यातूनही बाहेर पडले. १९११ च्या एप्रिलात मुंबईस त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला. त्यानंतरची कथा शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. आमचा मुद्दा असा की, ट्रंक त्यांनी त्या सर्व वर्षांत फेकून दिली नव्हती. ती त्यांच्या डोक्यात होती.

१९१२ साली ते विलायतेहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा भांडवल देईल असा कोणी भेटेना. त्यांनी काय करावे? एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा समोर मांडला, आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्र घेत राहिले. ती फीत दाखविली तेव्हा अवघ्या मिनिटाभरात दाणा फुटला, कोंब वर आला, वेल झाला. आपल्या रस्त्यावरचे गारुडी फडक्याखाली कोय पुरून घटकेत आंब्याचे रोप उभे करतात, तो खेळ ज्याने पाहिला आहे त्याला येथे ओळख पटल्यावाचून राहणार नाही. भेद इतकाच की, गारुड्याच्या फडक्याखालचे रोप आधीच दुसरीकडे वाढलेले असते. फाळक्यांचे खरोखर त्याच कुंडीत वाढले होते. चोरी होती ती केवळ वेळेची. धनिकांना पैसे द्यावेसे वाटले ते हा कोंब पाहून.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्यात होमातल्या ज्वाळांतून दिसणाऱ्या शक्ती आणि शेवटी प्रकट होणारे भगवान शंकर ही दृश्ये रंगमंचावरच्या जादूगारालाच सुचावी अशी आहेत. कॅमेरा थांबवावयाचा, नटांनी हलावयाचे नाही, रिकाम्या जागी देवाने येऊन उभे राहावयाचे, आणि कॅमेरा पुन्हा चालू करावयाचा. फितीत देव शून्यातून उतरतो. पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस नावाच्या जादूगाराने हेच आधी केले होते, आणि तोही मूळचा रंगमंचावरचाच. रोबेर-हूदँचे नाट्यगृह त्याने १८८८ साली विकत घेतले होते. फाळक्यांच्या 'लंकादहना'त अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या, हे आज कोणालाही अजब वाटेल. पण एका मनुष्याची दोन माणसे करून दाखविणे हा तर जादूगाराच्या पोतडीतला नित्याचा खेळ. घरी सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून कोऱ्या फितीच्या कडांना भोके पाडीत. ती भोके पडल्यावाचून फीत यंत्रातून सरकतच नसे. भोकांविषयी आमचे मन हळवे आहे, म्हणून हा तपशील येथे दिला; एरवी तो पहिल्याने सांगावयास हवा होता, कारण मराठी चित्रपटाचा उभा संसार त्या भोकांवर चालला.

यानंतर फाळक्यांनी जे केले ते कोणत्याही जादूगाराने केले नसते. १९१७ च्या सुमारास त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' अशी एक फीतच काढली. तिच्यात ते स्वतः नटांना शिकविताना आणि हातात फीत धरून ती तपासताना दिसतात. ज्या वर्षी 'लंकादहना'तल्या मारुतीला पाहून लोक हात जोडीत होते, त्याच सुमारास हा मनुष्य त्याच लोकांना पडद्यामागे बोलावून सांगत होता की, पाहा, हे असे करतात. केळफाच्या नावानेही त्यांनी जादूची एक लहानशी फीत काढली. म्हणजे लपविणारा आणि उघडून दाखविणारा असे दोघे एकाच अंगरख्यात राहत होते, आणि त्यांचे भांडण झाल्याचे कोठे दिसत नाही.

हे सर्व आम्ही केवळ वाचलेले नाही. त्यातले थोडे डोळ्यांनी पाहिले आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले आणि पुढे लॉ कॉलेज रस्त्यावर जयकर बंगल्यात आले. तेथे पी. के. नायर यांनी वर्षानुवर्षे खपून फाळक्यांच्या फितींचे तुकडे जमविले. जुनी नायट्रेटची फीत ही मोठी नाजूक वस्तू. ती आपोआप विरते, आणि पेटली तर विझत नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातच फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात अशा फितींच्या साठ्याला आग लागून फार मोठी हानी झाली. आधीच प्रती काढून ठेवल्या होत्या म्हणून केळफांची करामत आजही पाहावयास मिळते. तीत 'श्रीकृष्णजन्मा'तला कंस आहे. भयाने त्याचे स्वतःचेच मस्तक धडावेगळे होऊन वर जाते आणि परत येऊन बसते. ते पाहताना सभागृहातली तरुण मुले हसली. आम्ही हसलो नाही, कारण आम्ही मस्तकाकडे पाहतच नव्हतो. कॅमेरा कोठे थांबला असेल तेवढे शोधीत होतो. आठव्या वर्षी लागलेली खोड.

परंतु खरे नवल पुढे होते. 'कालियामर्दन' हा १९१९ चा चित्रपट. त्यात कृष्ण झाली आहे फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. आता कोणताही दिग्दर्शक ही गोष्ट लपवील. मुलगी आहे हे कळले तर देव कसा उभा राहणार? फाळके चित्रपटाच्या आरंभीच मंदाकिनीला तिच्या नेहमीच्या वेषात पडद्यावर आणतात. ती हसते, रडते, रुसते, भिते. मुलीला काय येते ते प्रेक्षकांनी आधी पाहून घ्यावे. आणि मग, तुमच्या डोळ्यांदेखत, तिच्याच जागी हळूहळू कृष्ण उमटतो. तांब्याचे भोक आधी दाखविले, आणि पाणी मागाहून आणले! पुढे ती डोहात उतरते आणि कालियाच्या फणांवर नाचते तेव्हा ती फाळक्यांची मुलगी आहे हे पक्के ठाऊक असूनही, अंधारात आमच्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी हात जोडले. आमचेही जुळले की नाही, हे अंधारामुळे कोणी पाहिले नाही.

आम्ही तेथून चालत घरी आलो. १९५७ साली काकांनी तांब्या उंच करून जे भोक सर्वांना दाखविले, ते काय होते, हे आम्हांस त्या संध्याकाळी प्रथम थोडे उमगले. आजवर आम्ही ती शरणागती समजत होतो.

तसे पाहिले तर काकांनी आम्हांस एकदा शिकवून पाहिले होते. आम्ही शिकलो नाही. पुराच्या आधीच्या हिवाळ्यात ते आम्हांस जादूगार रघुवीर यांच्या प्रयोगास घेऊन गेले. रघुवीर भोपळे हे चाकणजवळच्या अंबेठाणचे, १९२४ चा जन्म. पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहात ते शिकले आणि राणा नावाच्या राजस्थानी जादूगाराकडून ही विद्या त्यांनी घेतली. वारावर जेवणाऱ्या मुलांच्या या गावात, कोणाच्याही घराण्याच्या आधारावाचून, केवळ दोन हातांवर त्यांनी मोठे नाव केले. परदेशांचे दौरे केले, 'प्रवासी जादूगार' हे पुस्तक लिहिले. आणि १९८४ साली ते गेल्यावर चिरंजीव विजय व नातू जितेंद्र यांनी तो वसा पुढे चालविला. आज आपणांस हे सर्व ठाऊक आहे. त्या रात्री आम्हांस एवढेच ठाऊक होते की, तिकिटे महागाची होती आणि काकांनी ती काढली होती. रंगमंचावर काय काय झाले याची यादी आमच्याजवळ नाही. प्रत्येक खेळाला आम्ही काकांच्या कानाशी लागून विचारीत होतो, "हे कसे हो काका?" एकदाही त्यांनी सांगितले नाही. त्यांना ठाऊक नसेल असे नाही. त्यांची बोटे मांडीवर आपोआप हलत होती, आणि रंगमंचावर जे व्हावयाचे ते त्या बोटांत अर्धा क्षण आधी होऊन जात होते. प्रयोग संपल्यावर मात्र ते बाहेर येऊन म्हणाले, "अंगठा पाहिलास त्याचा? काय निवांत आहे!" भोक कोठे आहे हे आम्ही पाहत होतो, आणि काका अंगठा पाहत होते.

काका गेले त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. काकूंनी तांब्या देवघरात ठेवला होता. त्यांच्या मागून तो आमच्याकडे आला. गेल्या गणपतीत आमचा सात वर्षांचा नातू आला असता त्याला आम्ही तो उतरवून दाखविला. आधी भोक दाखविले, दोन भिंती सांगितल्या, हवेचा दाब सांगितला. हे सारे ऐकून त्याने फार शहाण्यासारखी मान डोलाविली. मग आम्ही उपरणे खांद्यावर टाकून खेळाला उभे राहिलो. तांब्या भरला, अंगठा जागेवर बसविला, आणि घंगाळात ओतावयास आरंभ केला. साठ वर्षांहून अधिक काळ आम्ही या खेळाचे रहस्य जाणतो. अंगठा घसरला, आणि दोन भिंतींमधले सगळे पाणी भसकन आमच्या धोतरावर आले.

नातू पोट धरधरून हसला. मग फडके आणावयास आत पळाला, आणि दारातूनच वळून म्हणाला, "आजोबा, आता मला देता?"